गँगमनची चाल

साखर कारखान्याची छोटी रेल्वे आमच्या बेलापूरच्या रानातून जायची. एरवी ऊस, जत्रेला माणसं. रूळ उचलून जमाना झाला. मला तिथं घर बांधायचं होतं आणि जुन्या भरावावर पाया नको होता. म्हणून रोज रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला लाइन नेमकी कुठून जायची ते विचारलं. तो त्या लाइनीवर रूळ राखणारा गँगमन होता. जन्मभर रुळांखालच्या एकेका स्लीपरवर पाय देत चालल्यानं त्याची पावलं आखूड आणि अगदी सारखी पडायची.

कांद्याच्या वाफ्यांतून तो तसाच तिरका चालत गेला, खाली न बघता. मग थांबला.

“हितं खोदा.”

हातभर काळी माती काढली आणि लाइनीची खडी लागली.

“बाबा, इतकं नेमकं कसं?”

“रूळ नेले त्यांनी. चाल माझ्यापाशीच हाय,” म्हणाला आणि त्याच पावलांनी रस्त्याला लागला.