चार बोटांखालचं लोखंड

“थांबा बाई, ऐकू द्या,” असं म्हणून काका उजव्या हाताचं बोट वर करायचे. मग बोलणाऱ्यानं गप्प व्हायचं. त्यांच्या कानावर हेडफोन असायचा आणि हातात जमिनीतलं लोखंड हुडकणारी काठीसारखी मशीन. मशीनच्या टोकाला गोल थाळी. ती थाळी ते जमिनीवरून इतक्या सावकाश फिरवायचे, की कुणी अंगण सारवतंय असं वाटावं. मशीन ‘टूंऽ’ करून वाजली, की उकिडवं बसून खुरप्यानं माती उकरायची आणि चिमटीत धरून एखादा गंजका खिळा वर काढायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय घबाड लागलं!

मानवतजवळच्या या गावातल्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. आमच्या दोघांच्या दारांपुढे एकच ओटा होता. काका जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, नुकतेच निवृत्त झालेले. बायको पूर्वीच वारलेली, लेक परभणीला. गावातले लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. “डॉक्टर न्हाई, ड्रेसर,” असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि पुढचा माणूस मान हलवून म्हणायचा, “बरं डॉक्टर.”

असा छंद असलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुणी तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. काका तारा आणि खिळे जमवायचे. त्याला कारण होतं. नोकरीत असताना त्यांनी एक मेलेली गाय उघडलेली पाहिली होती. तिच्या काळजात बोटभर तार घुसलेली होती. “गाय चावून खात न्हाई बाई, आधी गिळती, मग निवांत रवंथ करती,” ते मला सांगायचे. “थंडीत लोक टायर जाळतेत. राख उकिरड्यावर, उकिरडा रानात. राखंतली तार कडब्यासंगं पोटात. मुकं जनावर सांगणार कुणाला?”

पहिली मशीन त्यांच्या भाच्यानं मोबाइलवरून मागवून दिली होती. पिवळी, खेळण्यासारखी. ती रानात नेली की जी वाजायला लागायची, ती थांबायचीच नाही. काकांनी जागोजागी खणलं, हाताला नुसती माती लागली. चार दिवस ते त्या मशीनवर रुसून होते. मग हिंदीतले व्हिडिओ बघून बघून त्यांनी शोध लावला, की आपल्या काळ्या मातीतच लोखंडाचा अंश आहे आणि मशीन मातीलाच लोखंड समजतेय. “तिची काही चूक न्हाई. तिला आपली माती कुणी शिकवलीच न्हाई.”

मग ज्या मशीनला बटण फिरवून माती ओळखायला शिकवता येतं, तसली मशीन शोधायची ठरली. त्यांनी शाळेची शंभर पानी वही केली. वजन किती, हात दुखेल का, पावसात चालेल का, थाळी लहान का मोठी. परभणीच्या एका दुकानदाराला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तो पलीकडून सांगत होता, “चाचा, बडी थाळी लो. दस फूट नीचे का सोना बताती.”

“मला चार बोटं पाहिजेत,” काका म्हणाले.

“चार बोटं?”

“गाय काय नांगर घेऊन चरती का?”

शेवटी त्यांनी लहान थाळीची, हलकी मशीन घेतली. मोठी थाळी खोलवरचं दाखवते, पण बारीक तार तिच्यातून सुटते, हे त्यांनी वहीत दोनदा लिहिलं होतं. जोडीला विजेरीएवढी एक दांडी घेतली, खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवणारी.

पण खिळ्यांसाठी कुणी मशीन घेतं, हे गावाच्या पचनी पडेना. काकांना हंडा सापडला, अशी बोलवा उठली. जिंतूरकडून एक जीप भरून माणसं आली, “गढीवर चला, अर्धं तुमचं,” म्हणू लागली. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून लोक त्यांना रानात येऊ देईनात. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या धुरपतामावशीनं तर बांधावरूनच हाकललं, “माज्या रानात पाय ठिवायचा न्हाई! माज्या सासऱ्यानं काय पुरलं आसंल, ते माजं हाय.”

“खिळे तेवढे मला द्या, बाकी तुमचं,” काका म्हणाले. मावशीनं ढेकूळ उचललं.

सापडलेलं लोखंड काका ओट्यावरच्या एका घमेल्यात टाकायचे. एकदा त्यांनी मला छत्रीची मोडकी काडी दाखवली, टोकाशी वाकलेली. “रानात छत्री कोण इसरलं आसंल?” असं हसत म्हणाले आणि ती घमेल्यात टाकून लेकीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, मी घाईत होते. मेथी निवडून झाली होती. ओट्यावर ते घमेलं, वर कडुलिंबाचा पाला पडलेला; आतलं लोखंड ध्यानातच आलं नाही. मी मेथीच्या काड्या त्यातच ओतल्या. मावशीची गाय रोज गल्लीतून जाताना ओट्याशी थांबायची. तिनं घमेल्यात तोंड घातलं. गाईला घास दिल्याचं समाधान घेऊन मी शाळेत गेले.

आठ-दहा दिवसांनी मावशी काकांच्या दारात उभी. मागचं भांडण तिच्या तोंडावर नव्हतंच. “डॉक्टर, गाय रवंथ करंना. पाठ वर काढून हुबी ऱ्हायलीय. बसताना कण्हती.”

काका हेडफोन न लावताच मशीन घेऊन धावले. गाईच्या छातीखालून त्यांनी थाळी नेली आणि बोट वर केलं. या वेळी मशीनचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“मशीन एवढंच सांगती, की आत लोखंड हाय,” ते मावशीला म्हणाले. “टोचलंय का, ते डॉक्टर बघतेल. आत्ता परभणीला न्यायचं. थांबायचं न्हाई.”

टेम्पोत गाय चढवली, काका तिच्या गळ्यावर हात ठेवून बसले. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. गाय वाचली. संध्याकाळी काका परतले आणि पोटातून निघालेलं लोखंड त्यांनी वर्तमानपत्रावर ओट्यावर मांडलं. दोन खिळे, एक तार. आणि छत्रीची काडी, टोकाशी वाकलेली.

मला मेथीच्या काड्या आठवल्या. माझी नजर घमेल्याकडे गेली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. पुडी बांधून उठले आणि मावशीच्या घराकडे निघाले. मी मागोमाग गेले.

“धुरपता, हे लोखंड माज्या घमेल्यातलं हाय,” ते दारातूनच म्हणाले. “ओट्यावर उघडं ठिवलं मी. चूक माजी.”

मावशी उंबऱ्याशी आली. “म्हंजी तुमीच घातलं अन् तुमीच काढलं?”

“व्हय.”

“जावा मग. पुन्हा तोंड दाखवू नका.”

मी दाराबाहेर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. गावात नवी होते, लोक ‘बाई’ म्हणून मान द्यायचे. तो मान मला त्या क्षणी फार मोठा वाटला. परत येताना मी म्हणाले, “काका, मी सांगते त्यांना.”

“झाकण मी ठिवायला पाहिजे हुतं,” ते म्हणाले. “तुमी शाळा बघा.”

नंतर गावानं त्यांची चेष्टा केली. पोरं ‘लोखंडवाले’ म्हणून ओरडायची. काकांनी मशीन कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि दिवसभर ओट्यावर नुसते बसून राहू लागले. ते बघणं मला जड जायचं, तरीही मी गप्पच राहिले.

कापसाची वेचणी संपली, तेव्हा मावशी एका सकाळी स्वतःहून आली. “रान मोकळं झालंय. गाय सोडायचीय. आधी तुमची ती मशीन फिरवून द्या.” आणि वर म्हणाली, “हंडा घावला तर माजा.”

काका चार दिवस ते रान फिरले. मावशी बांधावर बसून त्यांना पाणी देत होती. पुढच्या हंगामात आणखी सात-आठ जणांनी त्यांना आपल्या रानात बोलावलं.

गेल्या हिवाळ्यात ते लेकीकडे गेले होते. तिथेच एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर बसल्या जागी गेले. तेराव्याला गावातून टेम्पो भरून माणसं गेली, मावशीही होती. परत आल्यावर मी तिच्या गोठ्यात गेले आणि इतक्या दिवसांचं सगळं सांगून टाकलं. घमेलं, मेथी, माझी घाई, माझी भीती.

मावशी गाईचं दावं सोडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

“त्यांनी घेतलं ना अंगावर?” ती म्हणाली. “मग आता ऱ्हाऊ द्या त्यांच्याजवळच.”

आणि गाय घेऊन ती रानाकडे निघून गेली.