यंत्र क्रमांक चार, मागचा डावा पाय

स्मरणार्थ नाण्यांच्या नोंदी एकसारख्या करणे हे काम कागदावर अत्यंत रुक्ष दिसते. प्रत्यक्षात चार माणसे एका नाण्याभोवती बसून त्याला काय म्हणावे हे ठरवू लागली, की नाणे बाजूला राहते आणि किस्सा तेवढा जमा होतो. आमच्याकडे अखेरीस नाण्यांपेक्षा किस्से जास्त झाले, हे मी जबाबदारीने सांगतो. नाणी मी स्वतः मोजली होती!

नव्वदचे दशक संपत आले होते. सांख्यिकीत एम.एस्सी. होऊन मी नाशिकहून सिल्वासाला, धाग्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो होतो. मुंबईतल्या काही हौशी मंडळींनी इंटरनेटवर नाण्यांची सामायिक सूची उघडली होती. गावोगावचे संग्राहक तिच्यात नोंदी भरत, आणि जो एखादे नाणे प्रथम नोंदवेल त्याचे नाव त्या नाण्यापुढे कायम राहत असे. सिल्वासाचे आम्ही चौघे. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर देशपांडेसाहेब, मूळचे पुण्याचे, एसटीडी बूथवाले जिग्नेशभाई, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, वाइंडिंग मशीनवरचे ऑपरेटर सुकदेव पाटील, शिरपूरकडचे, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि मी. दर रविवारी सकाळी बूथमध्ये बैठक भरे.

*

पहिल्याच बैठकीत असे आढळले, की आमच्या यादीत नाणी नऊ आहेत आणि टेबलावर सात. कणसाचे चित्र असलेले एकच नाणे तिघांनी तीनदा नोंदवले होते. देशपांडेसाहेबांनी 'अन्न', जिग्नेशभाईंनी 'बाजरीवाला', आणि मी 'कृषिविषयक (बहुधा)'.

"ते 'बहुधा' काढा," देशपांडेसाहेब म्हणाले.

"सर, पूर्ण खात्री नाही."

"अहो, नाणं तुमच्या हातात आहे!"

त्याच दिवशी मी नऊ रकाने आखले. नाव, मूल्य, वर्ष, टांकसाळीची खूण असे करत शेवटचा रकाना 'ठिकाण', म्हणजे नाणे सध्या कोठे ठेवले आहे. शिवाय एक नियम सुचवला: इतर दोन सभासदांनी नाणे हातात घेऊन पाहिल्याशिवाय नोंद कायम होणार नाही. नियम एकमताने संमत झाला. तो इतक्या सहज संमत झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

*

'अवस्था' या रकान्यावरून पहिला वाद झाला. संग्राहक जुने नाणे कधीही घासत नाही, हे देशपांडेसाहेब आम्हांला दर आठवड्याला बजावत. आणि दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी त्यांचा संपूर्ण संग्रह चिंच लावून घासून, धुऊन, गच्चीत वाळत घातला!

मी रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले: 'चिंचेने धुतलेले.'

"फक्त 'धुतलेले' लिहा," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्या संसाराचा तपशील मुंबईपर्यंत कशाला?"

"वहिनींना काही बोललात का, सर?"

"बोललो. म्हटलं, छान निघालीत."

*

सूची पाठवायची म्हणजे बूथच्या फोनवरूनच. मॉडेमचा आवाज सुरू झाला, की बूथमधले गिऱ्हाईक तोंड पाहत उभे राही. एकदा जवळच्या दुधनी गावचा एक मासेवाला घाईत आला आणि आम्ही 'थांबा' म्हणेपर्यंत त्याने दुसरा रिसीव्हर उचललासुद्धा. क्षणभर ऐकून त्याने तो लांब धरला.

"जिग्नेशभाई, पलीकडे मिक्सर चालू आहे!"

"मिक्सर नथी, नाणी चालली मुंबईला!"

मासेवाल्याने रिसीव्हरकडे पाहिले, मग जिग्नेशभाईंकडे. "मग माझी पापलेटंही पाठवा की ह्याच्यातनं. बर्फाचा खर्च वाचेल."

*

आता आबा.

आबांची नोंद एकच होती: शेतकऱ्याचे चित्र असलेला रुपया. पण त्या रुपयाची ती सगळ्यांत आधीची, त्यामुळे नाव त्यांचे. शिरपूरला मुलगी सुनंदा कॉलेजात होती, आणि कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला होता. 'त्याच्यात बापाचं नाव पाह्यजो,' असे आबांनी तिला पत्राने कळवूनही टाकले होते.

अडचण एवढीच, की आबा नाणे दाखवायला आणत नव्हते.

"आबा, आणायचं कधी?"

"शे ना भाऊ. जागेवर शे." आबांच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.

"घरी आहे का?"

"घरी नाही. पन जागेवर शे."

तसाच रुपया जिग्नेशभाईंकडेही होता आणि त्यांची नोंद दुसऱ्या क्रमांकावर होती. "आबा, तुमची नोंद उडाली, तर मी चढला!" ते दर रविवारी हसत म्हणत. आबा हसत नसत. शेवटी, पुढच्या रविवारी यादी अंतिम होणार, असे मीच जाहीर केले. नियम माझा होता; मला मागे फिरता येईना.

शनिवारी आबा माझ्या टेबलापाशी आले. "साहेबाले सांगू नका. मशीन बसवली त्या दिवशी चार नंबरचा एक पाय अधांतरी होता. फिटर निघून गेलेला. खिशात रुपया होता, तो सरकवला. तवापासून मशीन हलली नाही."

"म्हणजे नाणं मशीनखाली आहे?"

"मंग? जागेवरच शे म्हटलं ना!"

पण मशीन थांबवल्याशिवाय नाणे दिसणार नव्हते, म्हणून मी साहेबांना सांगितले. देशपांडेसाहेब मशीन पाच मिनिटे थांबली तरी लेखी कारण मागत. पण त्या दिवशी स्वतः जाऊन त्यांनी चार नंबर बंद करवली, जिग्नेशभाईंना फोन केला आणि जॅक मागवला.

पाय उचलला. आबांनी बोटाने रुपया ओढला, बाहीला पुसला आणि तळहातावर धरला. शेतकरी चपटला होता, पण होता! जिग्नेशभाई पांढऱ्या पँटसकट तेलकट फरशीवर आडवे झाले होते. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला.

"आबानो ज छे," ते म्हणाले. "लिहा. माझी सही पहिली."

साहेबांनी रुपयाच्या जागी वर्कशॉपमधली पोलादी पट्टी बसवली. मशीन सुरू केली. ती थरथरू लागली आणि धागा तुटला. दुसरी पट्टी. पुन्हा धागा तुटला. आबांनी फक्त हात पुढे केला, आणि साहेबांनी रुपया त्यांच्या हातावर ठेवला.

मशीन बंद ठेवल्याच्या रजिस्टरमध्ये कारण म्हणून साहेबांनी स्वतः लिहिले: 'नाणेपाहणी. दोन सभासद उपस्थित.' मीही नियमाप्रमाणे नववा रकाना भरला आणि रविवारी यादी गेली.

महिन्याभराने आबा आंतर्देशीय पत्र घेऊन बूथवर आले. सुनंदाचे होते. जिग्नेशभाईंनी मोठ्याने वाचले:

"आबा, तुमचं नाव दिसलं. सगळ्या वर्गानं पाहिलं. 'ठिकाण: यंत्र क्रमांक चार, मागचा डावा पाय' असं लिहिलंय. सर विचारतात, हे म्युझियम कुठं आलं? पाहायला तिकीट लागतं का?"

सगळे साहेबांकडे पाहू लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कळवा तिला," ते म्हणाले, "तिकीट नाही. पण मशीनजवळ येताना ओढणी नीट खोचून यावं."