भाषणातला बीप

जुना संगणक नव्यानं उभा करायचा म्हणून खामगावच्या भंगारातून दोन मदरबोर्ड आणले. कोणता ठेवावा हे बघायला एकाला वीज दिली, आणि तापलेल्या धुळीच्या वासानं मला थेट पिंपळगाव राजा या आमच्या गावच्या शाळेत नेलं.

मी आणि माझा वर्गमित्र रफिकनं जुळवलेल्या, गावातल्या पहिल्या संगणकाचं उद्घाटन होतं. पडद्यापुढे पाहुणे एकविसाव्या शतकाचं स्वागत करत होते. पडद्यामागे ते शतक चालूच होत नव्हतं. रफिक रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासत होता.

“होईन का बे चालू?” मी कुजबुजलो.

“तू पह्यले घाम पूस. बोर्डावर पडून राह्यला.”

त्यानं पट्टी बसवली. मी बटण दाबलं. एकच बारीक बीप! म्हणजे सगळं ठीक. आम्ही बेभान होऊन टाळ्या पिटल्या, तशी सगळी शाळा टाळ्या वाजवू लागली. पाहुण्यांना वाटलं, भाषण रंगलंय. ते आणखी फुलले, भाषण लांबलं, आणि पडदा उघडायच्या आतच वीज गेली.

तेव्हा आम्ही पाहुण्यांवर फार चिडलो होतो. आज वाटतं, बरंच झालं. गावाला संगणक दुसऱ्या दिवशी दिसला. उद्घाटनाच्या दिवशी तो फक्त आमचा होता.