चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट

शिकारीला आलेला पाहुणा परत निघायच्या सकाळी, भेटी घ्यायला, आम्ही सगळे जेवणाच्या छपरापुढे रांगेने उभे राहायचो. आधी स्वयंपाकी, मग कातडी सोलणारे, मग आम्ही कपडे धुणाऱ्या, आणि अगदी टोकाला माग काढणारे. टोकाला, कारण सगळ्यांत चांगली वस्तू त्यांच्यासाठी राखलेली असते. त्या टोकाला माझे मामा उभे असायचे. जेकान्यिका त्यांचं नाव. उंच, वाळक्या बांबूसारखे, हाताची घडी घालून, जणू त्यांना काही नकोच आहे.

"यंदा परत बॅटरी मिळणार," टेकशुअर कुजबुजला. मामांच्या हाताखालचा हा माग काढणारा. "कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या इतक्या झाल्यात की आता कपाळं कमी पडतात."

"आणि सेल?"

"सेल पाहुण्याबरोबर विमानात बसून जातात."

स्वयंपाक्याला दोन वर्षांमागे वाचायचा चष्मा मिळाला होता. तेव्हापासून त्याला कपांच्या तळाची घाण दिसू लागली होती आणि आमचे हाल सुरू झाले होते. तो म्हणाला, "मोजे द्या म्हणावं. लोकरीचे. पहाटे दगडासारखे पाय होतात, ते कुणाला दिसत नाही."

पण त्या वर्षीच्या पाहुण्याला दिसलं होतं. हा डेन्मार्कचा म्हातारा, प्रेबेन नावाचा, दातांचा डॉक्टर. आदल्या खेपेला त्याने मामांची ठणकणारी दाढ इथेच, जेवणाच्या टेबलावर उपटली होती. त्यानंतर दोघांचं जमलं. एक आपल्या भाषेत बोलायचा, दुसरा आपल्या, आणि दोघेही मान हलवायचे. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. उघड्या गाडीवर, सगळ्यात पुढच्या बाकावर मामा एका सुती सदऱ्यात कुडकुडत बसायचे. हे त्या डॉक्टरने रोज मागून पाहिलं होतं.

रांगेच्या टोकाशी येऊन त्याने पिशवीबिशवी काही उघडली नाही. अंगातलं जाकीट काढलं आणि मामांच्या खांद्यावर घातलं. आत मऊ लोकर. बाहेरून मात्र हिरवे, तपकिरी, काळे चट्टेपट्टे. सैनिकांचे असतात तसे.

स्वयंपाक्याने चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

बॉसने, म्हणजे कॅम्पच्या मालकाने, तोंड उघडलं. "डॉक्टर, हे जरा..." पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. मामांनी गुडघे वाकवले, दोन्ही तळवे पोकळ करून हळू टाळी वाजवली. दिलेलं घेतलं, असा त्याचा अर्थ. एकदा टाळी वाजली की परत करायचा प्रश्न नाही.

डॉक्टरचं विमान उडाल्यावर बॉस म्हणाला, "जेका, फक्त रानात. रस्त्यावर घातलंस तर मी ओळखत नाही तुला."

"कळतं मला, बॉस."

"मामा, पलटणीत भरती झालात?" टेकशुअरने कडक सलाम ठोकला. "बंदूक कधी देणार?"

हसलो आम्ही, पण बेताने. आमच्याकडे हे चट्टेपट्टे सैनिकाखेरीज कुणाच्या अंगावर दिसले की कोठडी. पोराच्या चड्डीवर दिसले तरी आया ती उलटी करून घालतात.

मुचानेता मामी तर जाकीट पाहून दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"घरात आणू नका ते. चुलीत घाला."

"दिलेली वस्तू चुलीत? पुढल्या वर्षी तो येईल आणि विचारेल."

"विचारू दे. म्हणावं, बायकोने मक्याच्या पिठाचा सद्झा शिजवला त्याच्यावर."

"हात घालून बघ आत. बघ तर."

मामींनी हात घातला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "काळं करते मी याला."

मोपानेच्या झाडाची साल आणि गंजलेले खिळे त्यांनी मोठ्या हंड्यात उकळले. सगळ्या वस्तीला वास सुटला. वाळवून दोरीवरून उतरवलं तेव्हा जाकीट कोळशासारखं काळं झालं होतं, आणि मामी इतक्या ऐटीत होत्या की शेजारणींना बोलावून दाखवत होत्या. "सांगा, कुठे दिसतात चट्टे? शोधा!" कुणालाच सापडले नाहीत.

एकच खोट निघाली. आमच्या खोऱ्यातल्या चावऱ्या त्सेत्से माश्यांना काळा रंग फार आवडतो. मामा गाडीवर बसले की रानातल्या सगळ्या माश्या त्यांच्या पाठीवर.

"सोयरे आले, मामा," टेकशुअर म्हणायचा.

"येऊ देत. थंडी तर नाही."

जुलै सगळा तसा गेला. मग एक दिवस रानरेडा पडला, आणि त्याची मांडी खांद्यावर टाकून मामांनी गाडीपर्यंत आणली. जाकीट रक्ताने माखलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघं एकाच सायकलवरून घरी जाणार होतो. वाटेत पुलावर पोलिसांचा नाका लागतो. मामा म्हणाले, "अंगावर रक्त दिसलं तर चोरटी शिकार म्हणतील. साबण दे, पोरी."

पाहुण्यांच्या कपड्यांची पावडर मी दिली. मामांनी दिवेलागणीला माझ्याच टबात जाकीट घुसळलं. पाणी काळंकुट्ट निघालं. कंदिलाच्या उजेडात रक्तही काळंच दिसतं. "बघ, केवढं रक्त होतं," मामा म्हणाले आणि पुन्हा पावडर टाकली.

पहाटे अंधारातच निघालो. मामा ओलसर जाकीट घालून पायडल मारत होते, मी मागे कॅरिअरवर. गाणं म्हणत होते काहीतरी, बोरं पाडायला जातानाचं. पुलाच्या अलीकडच्या वळणावर ऊन आलं आणि माझ्या नाकासमोर, मामांच्या पाठीवर, हिरवा चट्टा उगवला. त्याच्या बाजूला तपकिरी. मग सगळी पाठ.

"मामा, जाकीट..."

वळण संपलं होतं. नाका समोर होता.

पोलीस तिशीच्या आतलाच, गुळगुळीत दाढीचा. आधी त्याने हसून विचारलं, "कुठल्या पलटणीतले, काका?"

"कॅम्पवर माग काढतो, बाबा."

"कुणाचा?"

"जनावरांचा."

"आणि हे जनावर कुठे सापडलं?" त्याने कॉलर धरली.

"पाहुण्याने दिलं. त्याला आपला कायदा माहीत नव्हता."

"त्याला नव्हता." पोलिसाने आपली बोटं पाहिली. काळी झाली होती. "तुम्हाला होता. नाहीतर रंगवलं कशाला?"

मामींच्या हंड्याने काही लपवलं नाहीच, उलट साक्ष दिली. रंगवलं नसतं तर बावळट म्हणून हाकलून दिलं असतं, असं आजही मला वाटतं.

मला नदीकडे तोंड करून बसायला सांगितलं. मी पाहिलं नाही, ऐकलं. ओल्या कपड्यावर लाकडी थापी बसावी तसा आवाज. परत तोच. मग कुणीतरी म्हणालं, "पुरे रे, म्हातारा आहे."

बॉसने जाऊन त्यांना सोडवून आणलं. जाकीट तिथेच राहिलं. मामांच्या डाव्या कानातून पाणी येत होतं. बॉस म्हणाला, "डोकं तरी ठीक आहे ना?" मामा म्हणाले, "एकदम ठीक."

ठीक नव्हतं ते मामींना अंगणात कळलं. त्या मामांच्या डाव्या बाजूने, कुडाआडून ओरडल्या, "पाणी तापलंय," आणि मामा उजवीकडे वळले.

"ऐकू येतं मला," ते मला नंतर म्हणाले. "डावीकडून हळू बोललेलं पोचत नाही. मोठा आवाज येतो. पण कुठून येतो ते कळत नाही. सगळं उजवीकडूनच आल्यासारखं."

आता कुणाला हे एवढंसं वाटेल. पण माग काढणाऱ्याचे डोळे जमिनीवर असतात. समोरची जाळी त्याने कानांनीच बघायची असते. हे बॉसला कळलं असतं तर मामांना दुसऱ्या दिवशी कातडी सोलायच्या छपरात बसवलं असतं, फार तर. मामा वयाच्या विशीपासून पुढच्या बाकावर बसले होते. वस्तीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, 'पुढचे' म्हणत. पुढचे आले, पुढचे गेले.

टेकशुअरला तिसऱ्या दिवशीच कळलं. त्याने चालायची बाजू बदलली.

"डावीकडे का आलास?" मामांनी विचारलं.

"तुमचा कान हरवलाय म्हणे. सापडेपर्यंत मी आहे."

असा तो हंगाम निभावला.

पुढल्या जूनमध्ये डॉक्टर आला. आल्या आल्या त्याने मामांना मिठी मारली, तोंड उघडायला लावून दाढेची जागा पाहिली आणि विचारलं, "जाकीट?"

आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो. बॉस गाडीचं टायर तपासायला वाकला.

"मुलाला दिलं," मामा मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. "हरारेला असतो. फार मिरवतो ते घालून."

म्हातारा इतका खूश झाला! खोलीत गेला आणि दुसरं घेऊन आला. तस्संच. कोरं. म्हणाला, मला वाटलंच होतं तू देऊन टाकशील.

टाळी वाजली. दुसरं काय करणार?

डॉक्टरचा नेम आता थरथरत होता. रानरेड्याला गोळी पोटात लागली, आणि जखमी रेडा काटेरी जाळीत शिरला. अंधार पडायला आला होता म्हणून बॉसने शोध सकाळवर टाकला. मामी मक्याचं पीठ द्यायला कॅम्पवर आल्या होत्या. त्यांनी मामांना माझ्या दोरीखाली, वाळत घातलेल्या चादरींच्या आड गाठलं.

"सांगा बॉसला. आज तरी सांगा."

"सांगितलं तर पुढे कोण जाणार?"

"टेकशुअर जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही घरी याल. जिवंत."

"मरेन तर मी मरेन, मुचा. माझा मी बघतो."

"अहो, तुमचं तुम्ही बघाल. मागून तो दातवाला येतो, त्याचं कोण बघणार? त्याला वाटतं पुढे तुम्ही आहात."

चादरीवर मला पलीकडून मामांची सावली दिसत होती, खांदे पडलेली. मग म्हणाले, "टेकशुअर डावीकडे असतो."

सकाळी जाताना डॉक्टरला बरं वाटावं म्हणून मामांनी नवं जाकीट घातलं. रानात कोण पाहतंय!

पुढचं मला टेकशुअरने सांगितलं. जाळी इतकी दाट की पुढच्याची पाठ दिसेना. तेव्हा बॉसने टेकशुअरला झाडावर चढून वरून बघायला सांगितलं. तो मामांकडे बघत उभा राहिला. मामा म्हणाले, "चढ."

वरून त्याला आधी पाखरं दिसली, रेड्याच्या पाठीवर बसतात ती. डावीकडून कर्कश ओरडत उडाली. त्याने शीळ घातली. मामांनी पाखरंही ऐकली, शीळही ऐकली. हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि अगदी खात्रीने उजवीकडे बोट दाखवलं. बॉसची बंदूक तिकडे वळली. डॉक्टरचीही.

"मी ओरडलो," टेकशुअर म्हणाला. "पण तोवर रेडा अंगावर होता. म्हाताऱ्याच्या. मामांना शिवलासुद्धा नाही."

बॉसने रेडा पाडला तो डॉक्टरच्या अंगावरच. मामांनी जाकीट काढून जखमेत कोंबलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि गाडी उडत, आदळत कॅम्पला येईपर्यंत सोडलं नाही. विमान बोलावलं होतं. ते उतरलं तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

परदेशी माणूस मेला म्हणजे पोलीस येणारच. डॉक्टरला जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं, जिथे त्याने मामांची दाढ काढली होती तिथेच. तोंडावर पांढरी चादर, माझीच धुतलेली, आणि पोटावर ते जाकीट, तसंच, कारण ते उचलायला कुणाचा हात धजेना. वस्तीतून बाया आल्या होत्या. मामी त्यांच्यात पुढे होत्या.

पोलीस उतरला. नाक्यावरचाच. दाढी गुळगुळीत, बाहीवर आता एक पट्टी जास्त. त्याने चादर वर करून पाहिली, खाली सोडली. मग त्याची नजर जाकिटावर गेली. रक्त वाळून अर्धं काळं झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात हिरवे, तपकिरी चट्टे.

"हे कुणाचं?" मढ्यासमोर आवाज खाली ठेवून त्याने विचारलं.

मामा त्याच्या उजव्या हाताला उभे होते. म्हणजे तो मामांच्या डावीकडे. मामांनी पापणी हलवली नाही.

"काका, तुम्हाला विचारतोय. हे कुणाचं?"

मामा समोर नदीकडे बघत होते. स्वयंपाकी खोकला. टेकशुअरने मान खाली घातली.

पोलीस चिडून आणखी काही बोलणार, तेवढ्यात बॉसने हात वर करून त्याला थांबवलं. बॉसचा चेहरा मी पाहिला. सकाळपासून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता: जेका कधी चुकत नाही, जेका कसा चुकला. आता तो पाय न वाजवता मामांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला.

"जेका," तो हळूच म्हणाला.

मामा नदीकडेच बघत राहिले.

"जेका."

मामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने काळे होते आणि तळवे अजून एकमेकांवर दाबलेले होते.

मामी बायांमधून पुढे आल्या. "उजवीकडून बोला, बॉस," त्या म्हणाल्या. "डावीकडे कुणी नाही."