जर्मन गाडीचं तेल आणि माझा अकरावा शनिवार

आमच्या घरात वाती आणि किस्से कधी संपत नाहीत. वाती मी वळते आणि किस्से आमची गाडी पुरवते!

कळमनुरीत जुनी जर्मन गाडी बाळगणारं बहुतेक आमचंच एक घर. भजनी मंडळात टाळ वाटायच्या आधीच बायका विचारतात, "काय हो, जर्मनीण काय म्हणती?" मी एकेक सांगत जाते, त्या हसत जातात. एक किस्सा मात्र तीनदा ओठांवर आला आणि तिन्ही वेळा मी तो गिळला. आज लिहूनच टाकते. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही, एवढं बरं आहे.

* * *

आमचे 'हे' हायस्कूलला गणित शिकवतात. लेक नोकरीला लागल्यावर यांनी जन्माची एक हौस केली. नांदेडच्या एका डॉक्टरांची पंधरा वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली.

मी रीतसर पूजा केली. चाकाखाली लिंबं, बोनेटवर स्वस्तिक, समोर नारळ. मग वाटलं, पळतं ते तर आतलं! बोनेट उघडायला लावलं आणि इंजिनालाही भरपूर हळदीकुंकू वाहिलं.

चौथ्या दिवशी नांदेड रोडच्या रऊफभाईंकडे गाडी दाखवायला नेली. रऊफभाई म्हणजे तीस वर्षं हात काळे केलेला माणूस. बोनेट उघडलं आणि गंभीर झाले. "सर, इथं लीकेज आहे. लाल दिसतंय, म्हणजे गिअरचं तेल."

बोट फिरवलं, वास घेतला, मग हळूच माझ्या कपाळाकडं बघितलं.

"भाभी, इतकी वर्षं झाली धंद्यात. कुंकवाचं लीकेज पहिल्यांदा बघितलं!"

तेव्हापासून दर वेळी बोनेट उघडण्याआधी विचारतात, "चप्पल काढून उघडू का?"

* * *

तेलाची पहिली बदली करायची ठरली आणि आख्खा तालुका तेलातला जाणकार निघाला.

गोरेगावचे आमचे भाऊजी म्हणाले, "ट्रॅक्टरचं घाला. आमचा ट्रॅक्टर वीस वर्षं झाली, हूं न्हाई की चूं न्हाई." स्टाफरूममधले विज्ञानाचे सर म्हणाले, "आपला उन्हाळा बघा! जाडच पाहिजे." एकजण म्हणाला, "जितकं महाग तितकं बराबर."

रऊफभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, पोरगी जर्मनीची आहे. सासरची माणसं काय म्हणतात ते सोडा. माहेरचं पुस्तक काय म्हणतं ते बघा!"

गाडीचं पुस्तक निघालं. रऊफभाईंनी डबा हातात घेऊन मला समजावलं. पुढं ठळक लिहिलेलं असतं ते तेल थंडीत किती पातळ आणि उन्हात किती जाड राहतं त्याचं. ते तर बघायचंच. पण मागं बारीक अक्षरात गाडीवाल्या कंपनीचा पाच आकडी नंबर असतो, तो पुस्तकाशी जुळला तरच तेल घालायचं.

"पुढून फोटो, भाभी. मागून पत्रिका. लग्न पत्रिकेवर लावायचं."

यांना चष्मा घालायची लाज. पंचांगातली बारीक अक्षरं वाचून वाचून माझी नजर तयार. त्यामुळं पत्रिका जुळवायचं काम माझ्याकडं आलं आणि बदलीच्या दिवशी डब्यांवरचा नंबर मीच वाचून दाखवला. तो नंबर मी माझ्या व्रताच्या वहीत उतरवून घेतला, प्रदोष आणि संकष्टीच्या मध्ये.

यांनी वही बघितली. "आता ह्या नंबरचा उपवास कधी असतो?"

* * *

जुनं इंजिन थोडं तेल पितंच. म्हणून दर पंधरा दिवसांनी इंजिनातली मापाची पट्टी काढून तेल मोजायचं ठरलं. पहिल्याच दिवशी यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेगळं आलं. मग यांनी तिन्हींची सरासरी काढली आणि रऊफभाईंना फोनवर कळवली!

मग रऊफभाई म्हणाले, "सर, गाडी कुठं उभी आहे?"

"दारापुढच्या उतारावर."

"मग आधी सपाटीवर घ्या. तेलाची सरासरी काढत न्हाईत!"

तरी त्याच आठवड्यात त्यांनी त्याच नंबरचा एक लिटरचा सीलबंद डबा नांदेडहून मागवून घरी दिला. "कमी झालं तर ह्यातलंच घाला. दुसरं थेंबभर न्हाई." तो डबा मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवला.

* * *

आता माझा किस्सा.

गाडी सुखरूप राहावी म्हणून मी शनिदेवाला अकरा शनिवार बोलले होते. दहा शनिवार वाटीभर तिळाचं तेल आणि अकराव्याला पूर्ण लिटर. दहा झाले. अकराव्या शनिवारी अंघोळ करून सोवळ्यानं तेलाची बाटली उचलली, तर रिकामी! सासूबाईंनी आठवडाभर गुडघ्यांना चोळून संपवली होती.

आमच्याकडं शनिवारी तेल विकत आणत नाहीत. शेजारणीकडं मागावं, तर शनिवारी कुणी तेल घराबाहेर देत नाही. स्वयंपाकाच्या तेलात आदल्या दिवशी पुऱ्या तळलेल्या, ते उष्टं देवाला चालत नाही. आणि एक शनिवार चुकला की व्रत पहिल्यापासून!

वर बघितलं. फळीवर डबा. सीलबंद, कुणाचा हात न लागलेला, घरातलं सगळ्यात महागाचं तेल. मधासारखा रंग. मनात आलं, देवाला चांगल्यातलं चांगलंच द्यावं. शेवटी तेलच ना!

दिलं. पूर्ण लिटर.

काही दिवसांनी मंदिराचे गुरव मला बघून धावतच आले. मला वाटलं, पकडलं!

"ताई, कोण्या घाण्याचं तेल हो ते? ना मुंगी, ना माशी! देव कसे नवे करकरीत दिसून राहिले! पुढच्या बारीला बी हेच आणा."

मी मान डोलावली. पाप लागलं ते तिथंच लागलं असावं.

* * *

पण त्याआधीच मी आणखी एक करून बसले होते. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, स्पेअरपार्टच्या दुकानात बरणी घेऊन गेले. तिथं पिंपातलं सुटं तेल मिळतं.

"कोणत्या गाडीला पाहिजे, मावशी?"

"कोणतंबी द्या."

पत्रिका जुळवणारी बाई मी! ते तेल आणून डब्यात ओतलं आणि डबा जागच्या जागी ठेवला. डबा तोच, मागची पत्रिका तीच, आतला नवरदेव मात्र दुसराच.

पंधरा दिवसांनी यांनी त्यातलं अर्धं इंजिनात घातलं. तिसऱ्या सकाळपासून गाडी सुरू झाली की टकटक, टकटक. कुणी आतून दार वाजवावं तशी. माझ्या छातीत तेच वाजायचं.

यांनी हिशेब मांडला. महिन्यापूर्वी तेल रऊफभाईंनी बदललं. त्यानंतर घातलं ते त्यांनीच दिलेल्या डब्यातलं. म्हणजे खोट त्यांच्याकडंच. स्टाफरूममध्ये सांगितलं, "डबा खरा दाखवतो अन् आत भलतंच घालतो." विज्ञानाच्या आणि आणखी एका सरांनी आपल्या गाड्या दुसऱ्या गॅरेजला नेल्या.

रऊफभाईंच्या कानावर गेलं. ते घरी आले. आत बोलावलं तरी आले नाहीत, पायरीवरच बसले. बदलीच्या दिवसाचे रिकामे डबे पिशवीत घालून आणले होते. मी चहा पुढं ठेवला.

"सर, माझी चूक असंल तर इंजिन माझ्या पदरच्या पैशानं करून देतो. पण मी खोटं तेल घालत न्हाई." मग माझ्याकडं वळले. "भाभी, त्या दिवशी नंबर तुम्ही वाचला होता ना? तुमीच सांगा."

मी चहाची बशी सरळ करत म्हटलं,

"मला एवढं कुठं कळतंय, रऊफभाई."

ते उठले, पिशवी घेतली आणि गेले. चहा तसाच राहिला, वर साय धरलेला. तो मला टाकवेना आणि पिववेनाही.

त्या आठवड्यात कोणतीच पोथी वाचून होईना. प्रत्येक व्रतकथेत खोटं बोलणारी बाई असते. तिची गाय आटते, तिचं लेकरू आजारी पडतं, मग ती खरं बोलते आणि कथा संपते. मी कथा ऐकवते तेव्हा त्या बाईला मनातल्या मनात हसत आले होते. एवढी कशी गं मूर्ख? लगेच सांगून टाकायचं ना!

* * *

शेवटी यांनी निकाल लावायचं ठरवलं. त्या दोन सरांना साक्षीला घेऊन गाडी रऊफभाईंच्या गॅरेजला नेली. "ह्यांच्याच समोर काढा तेल." मीही गेले. मागच्या सीटवर शनिदेवाचा जप करत, आणि कुठल्या तोंडानं करते आहे असं वाटत.

रऊफभाईंनी काही न बोलता इंजिनातलं तेल पसरट ट्रेमध्ये काढलं. यांनी घरून आणलेला अर्धा डबा पुढं केला. "अन् हे तुमी दिलेलं."

त्यांनी झाकण काढून वास घेतला. काडी बुडवून वर धरली. काळपट, जाड थेंब खाली पडायचं नावच घेईना.

"सर, हे तेल मी दिलेलं न्हाई."

"मग काय मी बदललं?" हे ओरडले.

"मी बदललं."

माझाच आवाज. गाडीचं दार उघडून मी कधी उतरले तेसुद्धा आठवत नाही.

"चांगलं तेल मी देवाला घातलं. डब्यात दुकानातलं सुटं भरलं. रऊफभाईंनी बरोबर नंबरचंच घातलं होतं. मी वाचला होता. मला कळत होतं."

ट्रेमध्ये शेवटचे थेंब टपटपत होते. विज्ञानाच्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं,

"वहिनी, कोणत्या देवाला इंजिन असतं?"

कुणी हसलं नाही. यांची मान खाली गेली होती. माझी होतीच. मी रऊफभाईंपुढं हात जोडले, तर ते दोन पावलं मागं सरकले. "भाभी, तसं नका करू. इंजिन वाचलंय. लवकर आलात."

यांनी त्या दोन सरांकडं बघून म्हटलं, "स्टाफरूममध्ये मी बोललो ते चूक होतं. उद्या तिथंच उभं राहून सांगतो." सांगितलंही.

मी गुरवांना खरं सांगितलं आणि बेसन लावून देव घासून काढले. गुरवांना अजून हळहळ वाटते!

* * *

पुढची बदली आली तेव्हा गॅरेजच्या दारात दोन्ही सरांच्या गाड्या उभ्या होत्या. रऊफभाईंनी सीलबंद डबे मांडले आणि हात पुसत म्हणाले, "भाभी, वाचा."

मी मागं उभी होते. म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी..."

"न्हाई. पत्रिका तुमीच बघायची."

मी व्रताची वही काढली. एकेक आकडा मोठ्यानं वाचला. पाचव्या आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा एकदा वाचला. त्यांनी सील फोडलं, तेल ओतलं, सपाटीवर गाडी घेऊन पट्टी बघितली. मग एक नवा, सीलबंद लिटरचा डबा उचलून माझ्याकडं आणला.

मी हात पुढं केला. त्यांनी हातात दिला नाही. आमच्यात तेल हातातून हातात देत नाहीत, ते त्यांना ठाऊक. डबा माझ्या पायांजवळ जमिनीवर ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं एकदा बघितलं आणि म्हणाले,

"उद्या शनिवार आहे, भाभी. देवाला लागणार असंल तर आजच सांगा, दोन ठेवतो!"