काळुरामची साडेचार फुटी काठी

टिटवाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी सागाची एकशे बारा झाडं आहेत. १९८९ साली एका थंड देशाच्या वनखात्याने त्यांना नंबर दिले. देशाचं नाव काळुराम भोईरला पस्तीस वर्षांत धड उच्चारता आलं नाही. आपणही तसदी घेऊ नये. त्या खात्याला जगभरची जंगलं सुधारायची होती आणि इथल्यांना जीप हवी होती. अशा भक्कम पायावर आंतरराष्ट्रीय सहकार्य उभं राहिलं.

काळुराम तेव्हा वनमजूर. गोऱ्या साहेबाने त्याला साडेचार फुटांची काठी दिली. काठी बुंध्याशी उभी करायची, तिच्या वरच्या टोकाशी टेप फिरवून घेर मोजायचा, तिथेच लाल पट्टा ओढायचा, आकडा वहीत. वर्षातून एकदा, दसरा झाला की. पाच वर्षांनी साहेब गेला, प्रकल्प मिटला. हे काळुरामला कळवायचं काम दोन्ही खात्यांनी मोठ्या मनाने एकमेकांवर सोपवलं असावं. तो मोजत राहिला. निवृत्त झाला, तरी मोजत राहिला.

"साहेब गेला, नोकरी गेली. आता मोजता कोणासाठी?" बायको, गोदा, दर दसऱ्याला विचारायची.

"झाडं थांबलीत का वाढायची?"

"पोरांची उंची कधी मोजलीत का एवढी?"

"पोरांना नंबर कुठे दिलेत?"

यंदा त्या जागेतून रस्ता जाणार असं ठरलं. गुरुवारी ठाण्यात सुनावणी होती. आणि नेमकं त्या थंड खात्याने आपल्या परदेशातल्या कामाचा इतिहास लिहायला काढला. भारतावरचं प्रकरण लिहायचं काम नौपाड्यातल्या समीक्षाकडे आलं. जुन्या पत्त्यांवरून शोधत ती काळुरामच्या ओट्यावर पोचली, वही पाहिली, पानांचे फोटो पाठवले. तिकडून उत्तर आलं : एवढी सलग नोंद आमच्याकडे दुसरी नाही, फक्त झाडांवरच्या पट्ट्यांचे फोटो पाठवा, जागा राखण्यासाठी सुनावणीला पत्र देतो. काळुरामने ते उत्तर समीक्षाकडून तीनदा वाचून घेतलं.

मंगळवारी सकाळी तिघं सागात गेली. समीक्षाने पहिल्याच झाडासमोर फोन खाली घेतला.

"काका, हे वरचे फिकट पट्टे कसले?"

"जुने. वर्षाला एक."

"मग ते वर कसे गेले?"

"झाड वाढतं ना बाय. वाढताना पट्टा घेऊनच जातं." इमारतीत वाढलेल्या पोरीला आणखी काय सांगणार, अशा मायेने तो म्हणाला.

"झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, काका. बुंध्यात खिळा ठोकला तर तो जन्मभर तिथेच राहतो." तिने त्याच्या हातातली काठी घेतली, टेप लावली. तीन फूट चार इंच.

काळुरामने टेप स्वतः पुन्हा लावून पाहिली. मग गोदाच म्हणाली, "खंडेनवमी."

मातीत टेकून टेकून काठीचं टोक कुजायचं. खंडेनवमीला कोयता, टेप, काठी पाटावर मांडायची. देवापुढे कुजकं कसं ठेवणार? म्हणून काळुराम दरवर्षी नखभर टोक छाटून, हळदकुंकू लावून काठी पुजायचा. काठी उतरत गेली तसा तोही वाकत गेला, त्यामुळे ती त्याला कायम तेवढीच वाटली. खाली बुंधा जाड असतो. झाडं वाढत होती हे खरं, पण काठीने त्यांना बराच हात दिला होता.

"नको लिहू हे."

"त्यांनी पट्टेच मागितलेत, काका."

"मग नवी काठी करू. आज, आत्ता मोजू सगळी."

"आजचा आकडा मिळेल. मधली पस्तीस वर्षं?"

काळुराम खाली बसला, मग उठला, गोदाच्या डब्याच्या पिशवीतला काथ्या काढून जुने पट्टे घासायला लागला. बोटं सोलली तरी थांबेना. सातव्या झाडाशी गोदाने काथ्या काढून घेतला. "सोडा. सालीत मुरलाय रंग."

समीक्षाने फोटो पाठवले. तिने खोटं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे तीही आता विचारते. थंड खात्याने अतिशय सभ्य भाषेत पत्र द्यायला नकार दिला. गुरुवारी सुनावणी अकरा मिनिटं चालली.

छापलेल्या इतिहासात काळुराम आहे. नावाने नाही, तळटीपेत. मोजमापाची साधनं वेळोवेळी का तपासावीत, याचं उदाहरण म्हणून.

तोडीच्या यादीलाही घेर लागतो, साडेचार फुटांवरचा. झाडांचे नंबर दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते, म्हणून काळुरामलाच बोलावलं. तो नवी काठी घेऊन गेला. दर झाडाला टेकवण्याआधी तिला टेप लावून बघत होता. दोन दिवसांत एकशे बारा आकडे झाले, सगळे बरोबर.