सोलापुरात मिळालेलं नाव

कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापुरात उतरलो, तेव्हा दोघांच्या डोळ्यांत धूळ होती आणि पोटात काहीच नव्हतं. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. तिचं लुगडं थेट मागावरूनच घ्यायचं, हा माझा हट्ट. आमचे हे रत्नागिरीच्या शाळेत हेडमास्तर. मान राखला गेला की नाही ते आधी बघणार, तहानभूक नंतर.

स्टेशनाबाहेर यांनी टांगेवाल्याला विचारलं, "तेलंगी लोकांची वस्ती कुठे?"

"विणकरांची व्हय? बसा की."

गिरणीची चिमणी मागे पडली आणि घराघरांतून मागांची खटखट ऐकू येऊ लागली. नरसय्या नावाच्या विणकराच्या दारात आम्हाला उतरवून टांगा गेला. ओट्यावर त्यांची म्हातारी आई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. आम्हाला पाहताच ती आत तोंड करून ओरडली, "आरेवाळ्ळु वच्चिनारु!"

हे लालबुंद झाले. "ऐकलंस? ओळख ना पाळख, एकदम अरे!" छत्री उचलून हे रस्त्याला लागलेसुद्धा. मला लुगडं डोळ्यांदेखत जाताना दिसलं.

नरसय्या धावत बाहेर आले. "अवो पावणं, शिवी न्हाय हो ती! मराठी मानसाला आमच्यात आरे म्हंत्यात. आरेवाळ्ळु वच्चिनारु (मराठी माणसं आलीत), एवढंच बोलली."

"पण आम्हाला न विचारता हे नाव ठेवलं कोणी?"

"तुमी आमाला तेलंगी म्हंता, ते इचारून ठिवलं व्हय? आमी पद्मसाळी."

हे परत आले. छत्री खाली ठेवून ओट्यावर बसले.

म्हातारीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. पहिल्याच घासाला हे तिखटानं कळवळले, "अरे, अरे, अरे!" म्हातारीला वाटलं, पाहुणा आपण 'आरे' असल्याचं सांगतोय. तिनं आनंदानं मान डोलावली आणि यांना आणखी चटणी वाढली. नरसय्या हसून हसून भिंतीला टेकले. मीही पदर तोंडाला लावला.

लुगडं म्हातारीनंच निवडलं. मी उचललेलं बाजूला सारून तिनं डाळिंबी काठाचं माझ्या मांडीवर ठेवलं.

घरी लेकीनं ते अंगाला लावून पाहिलं. "कोणी दिलं निवडून?"

"तेलं..." म्हणता म्हणता हे थांबले. "पद्मसाळ्यांच्या एका आजींनी."

"नाव काय त्यांचं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.